कडूकाकांनी ओढवून घेतलेली सर्दी

कडूकाकांना आवडणाऱ्या गोष्टी बोटांवर मोजायला बसलं, तर अंगठ्यालाच मोजणी संपते. किळसवाण्या गोष्टींना मात्र अंत नाही. सेंट घाण. ओली लोकर घाण. बसमध्ये कुणी संत्रं सोललं, तर काका पुढच्या स्टॉपवर उतरून उरलेला रस्ता पायी जाणार. शेजारच्या बाईंनी मोठ्या कौतुकाने तान्हं बाळ त्यांच्या हातात दिलं, तर त्याची टाळू हुंगून म्हणाले, "दूध नासलंय." त्या बाईंनी बोलणं टाकलं ते टाकलंच.

त्यांच्या किळसेलाही सूर होते. चहावर साय आली, तर आखूड, तुटकी "शी!". जवळून कुणी अत्तर लावून गेलं, तर मान झटकून, लांबवून, थेट जिन्यापर्यंत पोचणारी "शीऽऽऽ". आणि ओठ न उघडता नाकातून नुसता एक "हं" आला, की समजायचं, आता खरं संकट. तो "हं" ऐकला की त्यांच्या ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, माणसं होती तिथे थिजायची. कारण त्या "हं"नंतर अख्खी टाकी गटारात जायची.

ब्रुअरी घरचीच होती, छोटी. खाली माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, शिजवायची मोठी तांब्याची कढई, पलीकडे स्टीलच्या उभ्या टाक्या, मागे थंड खोली आणि पुढे पिंपं धुवायचं फरसबंद अंगण. वर जिन्याच्या तोंडाशी वहिनींचं ऑफिस. त्या ऑफिसला खाली बघायला काच होती. काच पुसलेली असली तर वहिनींना सगळं दिसायचं, नसली तर सगळं ऐकू यायचं. काकांचे थोरले भाऊ गेले, तेव्हापासून कारभार वहिनींचा आणि बिअर काकांची, अशी वाटणी ठरून गेली होती.

आणि एक दंडक होता, काकांच्या वडिलांनी घालून दिलेला. टाकी तयार झाली की पहिला ग्लास ब्रुअरने, म्हणजे ती बिअर करणाऱ्याने, प्यायचा. सगळ्यांसमोर, उभ्याने, तळापर्यंत. ग्लासात घोटभर जरी उरली, तरी ती टाकी पिंपात भरायची नाही, सरळ गटारात सोडायची. "जे आपल्या घशाखाली उतरत नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही," म्हातारबुवांचं म्हणणं. काकांची स्वतःची बिअर तपकिरी, कडक, कडवट, पावाच्या करपलेल्या कडेसारख्या वासाची. तिचा पहिला ग्लास संपवून ते मिशी पुसत आणि एकच शब्द बोलत, "जाईल." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट त्यांनी कधी कुणाला दिलेलं नव्हतं. काकू सांगतात, "लग्नाला होकार दिला, तेव्हाही हेच म्हणाले होते. जाईल."

अशा माणसाच्या घरात चिमणी ती पिशवी घेऊन आली.

चिमणी म्हणजे वहिनींची मुलगी, काकांची पुतणी. घरात नाव चिमणी पडलं ते पडलं, बाई आता दारात वाकून येते. काका-काकूंना मूल नाही. ही लहान असताना काका तिला माल्टच्या पोत्यावर बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि नाकासमोर काहीबाही धरून विचारायचे, "ओळख." हिला ओळखता आलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्याला दुसऱ्या कुणी हसू म्हटलं नसतं. पण चिमणी म्हणायची. बिअर करायचं रीतसर शिकायला ती बाहेर गेली, तिथल्या एका मोठ्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली, आणि जागा धरून ठेवतो, महिनाअखेर कळवा, असं सांगितलं. ती घरी आली आणि आईसमोर बसून सरळ म्हणाली, "मला एक टाकी दे. काका ती पास करतील, तर मी इथेच राहते. नाहीतर जाते. इथे आयुष्यभर काकांच्या टाकीला फडकं मारत बसायचं नाहीये मला."

वहिनी म्हणाल्या, "घे बाई." काका म्हणाले, "दिली." घरी गेल्यावर काकूंना म्हणाले, "राहील ती. माझ्यासारखंच नाक आहे तिचं."

मग पिशवी उघडली.

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडं. तळहातावर घेऊन चोळली की आतली पिवळी भुकटी फुटते, हात चिकट होतात, आणि मग दोन्ही हातांच्या ओंजळीत नाक खुपसायचं. काकांचे हॉप्स वाळल्या गवताचे, मातीचे. हे चिमणीचे नव्या जातीचे, "फळवाले". तिने प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन बोंडं ठेवली.

पिंपं धुणारा, ज्याला सगळे पिंप्या म्हणत, त्याने ओंजळीत तोंड घातलं आणि ते बाहेरच काढेना. "आंबा! चिमणीताई, आईशप्पथ आंबा! साल काढलेला!"

वहिनींनी चष्मा डोक्यावर चढवून वास घेतला. "मला बाई अननस वाटतोय, बरं का. थोडा पेरूपण आहे. म्हणजे अननस पुढे आणि पेरू मागे, बरं का."

काकांनी चोळलं. हुंगलं. ओंजळ हळूच तोंडापासून लांब नेली, जणू तिच्यात काहीतरी जिवंत होतं.

"हं."

"काय?" चिमणीने विचारलं.

"मांजर."

"काका!"

"मांजर मुतलंय. बोका. सोफ्याखाली. दोन दिवसांपूर्वी."

पिंप्या फिदीफिदी हसला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, नाही आवडत तर नाही म्हणा, पण असं काहीतरी काय बोलायचं!" चिमणी मात्र हसली नाही. "ते खोटं बोलत नाहीयेत, आई. या जातीचं तसं आहेच. काही नाकांना फळ येतं, काहींना मांजर. शिकवलंय आम्हाला." मग काकांकडे वळून म्हणाली, "पण बाकी जगाला फळ येतं."

"बाकी जगाला म्हणावं सोफा सरकवून बघ."

पण टाकी तिला दिलेली होती, आणि दिलेला शब्द काका मागे घेत नसत. माल्ट शिजला, यीस्ट पडलं, आंबणं जवळपास संपलं. मग तिने टाकीचं झाकण उघडून पिशवीच्या पिशवी हॉप्स कोरडेच आत ओतले, झाकण घट्ट फिरवलं आणि बजावलं, "आता कुणी उघडायचं नाही. ही बिअर नाजूक असते. हवा लागली की हिचं सगळं जातं. काका, ऐकताय ना?"

"ऐकतोय ऐकतोय," काका म्हणाले. म्हणजे ऐकत नव्हते. आयुष्य झाकणं उघडून आत डोकावण्यात गेलेलं. त्यांच्या बिअरला त्याने कधी शिंकसुद्धा आली नव्हती. नव्या मुलांची नवी थेरं, दुसरं काय.

शिवाय त्यांचं लक्ष होतंच कुठे? त्या ओतण्यात वासाचा जो लोट आला, तो त्यांच्या स्वेटरमध्ये जाऊन बसला होता. मिशीत बसला होता. रात्री उशीवर होता, सकाळी दाढीच्या ब्रशवर होता. काकूंनी ताट वाढलं, तर ताटाकडे बघून, "शीऽऽऽ."

"अहो, साधी भाजी आहे!"

"भाजी नाही ग. मीच."

काकूंनी जवळ येऊन त्यांची कॉलर हुंगली. "मला तर छान संत्र्यासारखं येतंय."

"तूसुद्धा!"

"बरं, मग प्या की एक ग्लास डोळे मिटून. पोरीसाठी. औषध म्हणून पिता ना खोकल्याचं?"

"औषध पिताना माझं तोंड बघितलंयस?"

काकूंनी बघितलं होतं.  सगळी पंचाईत तिथेच होती. काकांना खोटं बोलायला जमलं असतं एखादवेळी, पण त्यांचं तोंड त्यांच्या ताब्यात नव्हतं. घशाशी किळस आली की भुवया, नाकपुड्या, मिशी, सगळी फौज आपापल्या मनाने उठायची. ग्लास तर तळापर्यंत जाणारच नव्हता. टाकी गटारात, पोरगी गाडीत.

"सवय लावून घेतो," शेवटी काका म्हणाले.

मग दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी ब्रुअरीत जायचं, शिडी लावायची, झाकण फिरवायचं आणि आत तोंड घालून श्वास घ्यायचा, असा त्यांनी नेम धरला. माणसाला काय, कशाचीही सवय होते. कातडं कमावणाऱ्याला होते, मासे साफ करणाऱ्याला होते. पहिल्या दिवशी श्वास अर्ध्यावर अडकला आणि काका शिडीवरून तीन पायऱ्या एकदम उतरले. दुसऱ्या दिवशी डोळ्यांतून पाणी आलं. नंतर एकदा तर त्यांनी मांजराशी मनातल्या मनात बोलणीसुद्धा लावून पाहिली. म्हणाले, हे बघ, तू आंबा आहेस. तू पिकलेला, रसाळ आंबा आहेस. मांजर म्हणालं, म्याव. काका कसेबसे अंगणातल्या नळापर्यंत पोचले.

पिंप्या नेमका तेव्हाच येत होता. त्याने शिडी पाहिली, उघडं झाकण पाहिलं, नळाखाली वाकलेले काका पाहिले, आणि शहाण्यासारखा छताकडे बघत निघून गेला. त्याला बिचाऱ्याला स्वतःचंच सुचत नव्हतं. सर्दीने बेजार. नाक लालभडक, दर वाक्यामागे एक सुर्र. "काका, वासच बंद झालाय हो माझा. साबण खाल्ला तरी कळणार नाही."

काका नळाखालून वर आले ते वेगळेच. ओल्या मिशीने त्यांनी पिंप्याकडे असं काही पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरकला.

वास बंद!

आता हे ऐकायला सोपं आहे. पण ज्या माणसाने नाकाला पोटच्या पोरासारखं जपलं, हिवाळाभर मफलर सोडला नाही, कुणी शिंकलं तर रस्ता ओलांडला, त्याने सर्दी मिळवायला निघायचं म्हणजे शाकाहारी माणसाने खाटीक शोधण्यातला प्रकार. त्याच दिवशी काका नुसत्या बनियनवर थंड खोलीत जाऊन बसले. काही नाही. घरी डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि केस न पुसता खिडकीत उभे राहिले.

"अहो, काय चाललंय?"

"सर्दी करतोय."

"देवा! डोक्यावर परिणाम झाला की काय?"

"डोकं नको ग, नाक. नाकावर व्हायला हवा."

काकूंनी टॉवेल आणला, काकांनी तो नाकारला. काकूंनी खिडकी लावली, काकांनी उघडली. काकूंना शिंका सुरू झाल्या, काकांना साधी एकसुद्धा नाही. इतकी वर्षं जपलेलं नाक, ते काय एका रात्रीत दगा देणार? पहिल्या ग्लासाचा दिवस आला तोंडावर, आणि काकांना पलीकडच्या गल्लीत तळणाचं तेल कितव्यांदा वापरलंय तेसुद्धा कळत होतं.

शेवटी त्यांनी जे केलं, ते सांगतानाही अंगावर काटा येतो. दुपारी पिंप्या चहा पीत बसला होता. कप अर्धा. कपाच्या कडेवर ओठांचा ओला ठसा. पिंप्याने सुर्र केलं, नाक मनगटाने पुसलं, आणि काका समोर उभे.

"दे."

"काय, काका?"

"चहा."

"नवीन आणतो की!"

"हाच दे."

"अहो, उष्टा आहे! शेंबडा—"

"म्हणूनच."

ज्या माणसाने सख्ख्या भावाच्या ग्लासाला कधी ओठ लावला नाही, त्याने तो कप घेतला, फिरवून बरोबर ओल्या ठशावर तोंड आणलं आणि प्याला. कोमट होता. वर साय होती. ती मिशीला लागली. काकांच्या पोटातून जे काही वर निघालं होतं, ते त्यांनी दोन्ही मुठी आवळून पुन्हा खाली पाठवलं. पिंप्याच्या हातून बिस्किट पडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका उठले आणि म्हणाले, "काकू, बाझं दाक बंद!" आणि आनंदाने त्यांनी तीन वेळा शिंकून दाखवलं. बायकोला काकू म्हणालो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पहिल्या ग्लासाला सगळे टाकीपाशी जमले. वहिनी खाली उतरल्या. चिमणीच्या ओठांचा रंग उडाला होता. तिने तोटी फिरवली, ग्लास भरला, उजेडाकडे धरला आणि क्षणभर थांबली. बिअर फिक्की पिवळी असायला हवी होती. तिला ती जराशी मळकट वाटली. खिडकीच मळकी असेल, असं मनाशी म्हणून तिने ग्लास काकांच्या हातात दिला.

काकांनी तोंडाला लावला. गार. फेसाळ. थोडं गोड, थोडं कडू. आणि मांजर? मांजर कुठेच नव्हतं. जगात वास नावाची चीजच उरली नव्हती. काय ही चैन! भुवया जागेवर, नाकपुड्या जागेवर, मिशी शांत. घोटामागून घोट गेला, ग्लास तळापर्यंत गेला. पिंप्याने टाळ्या वाजवल्या. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

काकांनी मिशी पुसली आणि आनंदाच्या भरात बोलून गेले, "बस्त आहे!"

टाळ्या थांबल्या.

"काय म्हणालात?" चिमणीने विचारलं.

"बस्त. एकदब बस्त."

"काका, तुम्ही आयुष्यात कशाला मस्त म्हणालायत?" ती जवळ आली. त्यांच्या लाल नाकाकडे पाहिलं, पाणावलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "तुम्हाला सर्दी झालीये."

"छे. कुठे? काही दाही."

"माझीच आहे ती!" पिंप्याला राहवलं नाही. "माझा उष्टा चहा प्यायले, चिमणीताई! मागून घेऊन प्यायले!"

"भावजी? उष्टा?" वहिनी जवळच्या पोत्यावर मटकन बसल्या. घरात कुणी मेल्याची बातमी आली असती, तरी त्या अशा बसल्या नसत्या. "तुम्ही?"

 चिमणीने दुसरा ग्लास भरला.

"अग, दंडक ब्रुअरचा आहे," वहिनी म्हणाल्या.

"मग टाकी कुणाची आहे?" चिमणीने काकांकडे पाहिलं. काकांनी बाजूला सरून तिला जागा दिली.

तिने आधी नाक ग्लासात घातलं. मग एक घोट घेतला, तोंडात धरला. तिच्या नाकपुड्या हलल्या. भुवया उठल्या. आणि ओठ न उघडता, नाकातून—

"हं."

ग्लास तिने तसाच भरलेला खाली ठेवला.

"पुठ्ठा," ती म्हणाली. "भिजलेला पुठ्ठा. फळ मेलंय सगळं."

वहिनींनी ग्लास उचलून हुंगला. "नाही ग, मला तर अननस... थांब हं. अननस आहे, पण खोक्यात सडलेला, बरं का."

"झाकण कुणी उघडलं?"

पिंप्या छताकडे बघायला लागला. अंगणातला नळ ठिबकत होता.

"बी," काका म्हणाले.

"एकदा?"

"रोज."

"मी सांगितलं होतं ना! कशाला उघडलंत?"

"सवय लावायला." काकांनी नाक ओढलं. "बांजराची. म्हटलं, हुंगलं की सवय होईल. बग पिता येईल. बग तू..." पुढचं त्यांनी रुमालात शिंकून टाकलं.

चिमणीने वाकून टाकीच्या तळाचा मोठा व्हॉल्व उघडला. बिअर भस्सकन बाहेर आली, अंगणातून फेसाचे डोंगर उठवत गटाराकडे धावली. ती बघत उभी राहिली आणि बघता बघता तिचा आवाज चढला. "उघडलंत ते उघडलंत. पण प्यायलात, काका! तळापर्यंत! बंद नाकाने पुठ्ठा प्यायलात आणि पास केलात! आज संध्याकाळी पिंपं भरून गेली असती. लोकांनी पैसे देऊन पुठ्ठा प्यायला असता, आणि वर आपलं नाव!"

काका खाली बघत होते. गटारात साठलेला तो मळकट फेस बघून त्यांना किळस आली. आणि ती काही बिअरची नव्हती, बिअरचा वास तर येतच नव्हता. वडिलांच्या दंडकातला ग्लास हातात धरून आपण हे केलं. पोरीचं काम पोरीच्या मायेने नासवलं आणि वर मस्त म्हणालो. उष्ट्या कपाची किळस याच्यापुढे काहीच नव्हती. तो कप निदान खरा उष्टा होता.

"चुकलं," ते म्हणाले. "जा तू. तिकडे बरं असेल. तिकडे बोठी बाणसं."

"तिकडे पहिला ग्लास मशीन पितं," चिमणी म्हणाली. तिने व्हॉल्ववरून हात काढला आणि पँटला पुसला. अजून धुमसत होती. "पुढच्या टाकीच्या झाकणाला मी कुलूप लावणार आहे. किल्ली माझ्याकडे. आणि फळवाल्या टाकीचा ग्लास इथून पुढे मी पिणार. तुम्ही तुमच्या कडूचा प्या. माझ्या टाकीजवळ फिरकायचंसुद्धा नाही."

वहिनींनी पोत्यावरून मान वर केली. "पुढच्या टाकीच्या म्हणालीस?"

"मग? एका टाकीत जमतं का कुणाला? नवीन पिशव्या मागव. त्या लोकांना काय कळवायचं ते मी कळवते."

निम्मी ब्रुअरी हातातून गेली होती, हे काकांना कळलं. त्यांनी त्यावर विचार करून बघितला, तर त्यांना शी म्हणावंसं वाटेना.

"लाव कुलूप," ते म्हणाले. "दोद लाव."

"खराटा घ्या आधी," चिमणी म्हणाली. "फेस तुंबलाय."

काकांनी खराटा घेतला आणि फेस गटाराकडे लोटायला सुरुवात केली. अंगणाच्या भिंतीपाशी आले, तोच उजव्या नाकपुडीत काहीतरी खुळकन सुटलं. पुठ्ठ्यासकट, सोफ्यासकट, बोक्यासकट सगळं एकदम आत आलं. काका भिंतीला टेकले, डोळे गच्च मिटले, रुमाल तोंडावर दाबला, आणि तसेच एका हाताने झाडत राहिले.